ओनोफ्रेबाबचे पुढचे दात

"पेटी खाली ठेवता का, मिस्टर रिबेलो? मला खुर्ची मागे झुकवायची आहे."

"झुकव ना. पेटी तुला काय करते?"

ट्रंपेटची काळी पेटी त्यांनी पोटाशी धरली होती, आणि तोंड उघडायच्या आधीच ते माझ्याशी वाद घालायच्या तयारीत होते. शेजारी त्यांच्या पत्नी फिलोमेना उभ्या होत्या. निळा सुती फ्रॉक, हातात छत्री. त्यांनी पेटी उचलली आणि बाकावर नेऊन ठेवली. मग मला म्हणाल्या, "आता बघा, डॉक्टर. वरचे, पुढचे दोन. जेवताना हलतात. मी समोर बसते, मला दिसतं."

मी बोट लावलं. दोन्ही दात दारावरच्या सैल कडीसारखे आतबाहेर झाले. हिरड्या सुजलेल्या होत्या आणि दाबल्यावर पू येत होता. पायोरिया. एक्स-रे फोटो काढून घेतल्यावर मुळांभोवतीचं हाड बरंचसं झिजलेलं दिसलं. दुसऱ्या कुणाचं तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की काढून टाका आणि कवळी लावून घ्या. पण हे तोंड ओनोफ्रे रिबेलोंचं होतं.

एकोणीसशे चौसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. धोबीतलावला पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना नुकता सुरू झाला होता. दात काढायला समोर बाई आहे म्हटल्यावर काही पुरुष 'चुकून आलो' म्हणत जिना उतरायचे. आसपास गोव्याच्या लोकांचे कूड होते. एकेका गावची माणसं मुंबईत नोकरीसाठी आली की तिथे एकत्र राहायची. त्यातल्या एका कुडात मी एका म्हाताऱ्या खलाशाला बघायला गेले होते, तर भिंतीवर सेंट झेवियरची तसबीर आणि तिच्या बरोब्बर खाली ट्रंपेट धरलेल्या ओनोफ्रेबाबचा फोटो. इतकं त्यांचं नाव होतं. चर्चगेटकडच्या एका मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी त्यांचा बँड असायचा. सिनेमाच्या गाण्यांत कुठे ट्रंपेट उसळून वर गेलं की लोक म्हणायचे, रिबेलो असणार. आणि 'मांडवी मॉर्निंग' नावाची त्यांची एक जॅझची तबकडी होती. तिच्या शेवटी एक सूर लागायचा, इतका वर आणि इतका वेळ टिकलेला की ऐकणाऱ्याचाच श्वास संपायचा.

ते सगळ्यांना 'तू' म्हणत. माझं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, त्यामुळे आमची कोकणी-मराठीची मिसळ चालायची. इथे मी ते सगळं मराठीतच सांगते आहे.

"काढावे लागतील?" फिलोमेनाबाईंनी विचारलं.

"काढले तर त्रास संपेल."

"काढले तर हा वाजवणार कसा? ट्रंपेट ओठांवर टेकतं आणि ओठ दातांवर. मागे दात नसले तर ओठ टेकणार कुठे?"

त्या माझगावच्या एका शाळेत पियानो आणि कोरस शिकवायच्या. वाद्याबद्दल त्यांना मी काही सांगावं असं नव्हतंच. मी दुसरा उपाय सांगितला. हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बारीक तारेने बांधायचे, हिरड्या साफ करत राहायच्या. वर्षभर निभावेल. वाजवणं कमी केलं तर थोडं जास्त.

"बांधा," त्या म्हणाल्या.

"माझ्या तोंडात तार," ओनोफ्रेबाब छताकडे बघत म्हणाले. "म्हणजे आता मी पियानो झालो."

त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. मी तार बांधली.

गणपतीच्या आसपास ते परत आले, एकटेच. वरचा ओठ सुजून पुढे आला होता. तारेच्या वर, हिरडीत, गळू धरलं होतं. मी ते मोकळं केलं, धुतलं. ते हूं की चूं न करता पडून होते. गुळण्या करून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरबाय, हे दात काढ."

"तार आणखी थोडी—"

"तार बरी आहे. तुझं काम बरं आहे. पण काढ."

"फिलोमेनाबाई काय म्हणतात?"

"फिलूला सांगितलं नाही."

मला वाटलं, दुखण्याने वैतागलेत. माणसं असं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दात वाचवल्याबद्दल आभार मानतात. मी म्हटलं, "दुखणं चार दिवसांत उतरेल. तुम्ही वर्षभर वाजवू शकाल. तो वरचा सूरसुद्धा."

"तोच तर नको."

मी हातातलं अवजार खाली ठेवलं. बाहेर बाकावर एक इराणी बेकरीवाला गाल धरून बसला होता, त्याला थांबायला सांगितलं आणि आत आले.

"तो सूर कसा लागला तुला माहीत आहे?" ते म्हणाले. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मला खाली यायचं होतं. तसं ठरलेलं होतं. ड्रमवाल्याने एक ठोका असा दिला, मधेच, तिरका, की मी घसरलो. कुठे जावं कळेना, तर वर गेलो. एवढ्या वर मी आयुष्यात गेलो नव्हतो. तिथे पोचल्यावर उतरायची भीती वाटली म्हणून धरून ठेवला. तेच ते. अपघात झाला, बाय. लोकांना आवडला. तेव्हापासून तो अपघात मी रोज संध्याकाळी पाठ करून वाजवतो."

"लोकांना हवा असतो म्हणून."

"हो ना. हॉटेलात माणसं सूप थांबवतात त्याच्यासाठी. सिनेमावाले बोलावतात ते, 'रिबेलो, तो वरचा टाक' एवढं सांगायला." ते उठून बसले. "जॅझ म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. धून सगळ्यांची असते, ती एकदा सरळ वाजवायची. मग तिचा नुसता सांगाडा ठेवायचा आणि त्यावर ज्याने त्याने आज जे म्हणायचं ते म्हणायचं. ड्रमवाला काही विचारतो, मी उत्तर देतो. त्याने आज निराळं विचारलं तर उत्तर निराळं. मी इतकी वर्षं एकच उत्तर देतोय. आता तो विचारतसुद्धा नाही."

माझे वडील गाण्याच्या बैठकांना मला घेऊन जायचे. ते आठवून मी म्हटलं, "एखाद्या बुवांनी मागच्या बैठकीतली तान जशीच्या तशी घेतली, की वडील घरी येताना म्हणायचे, आज बुवा घोकून आले होते."

ओनोफ्रेबाब सुजलेल्या ओठाने हसले. "तुझ्या वडिलांना माझ्या हॉटेलात आणायला हवं होतं. तिथे घोकलं नाही तर मॅनेजर येतो."

त्यांनी पेटी उघडली. मी नको म्हणेपर्यंत ट्रंपेट ओठांना लागलंसुद्धा होतं. 'मांडवी मॉर्निंग'ची धून सुरू झाली, हळू, खालच्या सुरांत. मी ती रेडिओवर अनेकदा ऐकली होती, पण एका खोलीत बसून कधी नाही. शेवटाकडे, जिथून चढ सुरू होतो तिथे ते थांबले आणि ट्रंपेट खाली घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गळूवर दाब पडला होता.

दाराच्या फटीतून बेकरीवाल्याने डोकं आत घातलं. गालावरचा हात तसाच. "साब, ऊपरवाला नहीं बजाया?"

"बघ," ओनोफ्रेबाब मला म्हणाले. "याचा दात दुखतोय, तरी त्याला तोच पाहिजे."

मी त्या माणसाला पुन्हा बाहेर बसवलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. दात वाचवणं हे माझं काम. नवीन दवाखाना, आणि मुंबईतल्या सगळ्यात प्रसिद्ध ट्रंपेटवाल्याचे दात मी उपटले अशी माझी ख्याती व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू वर्ष म्हणालीस. धरून चालू की दीड. मग एक दिवस स्टेजवरच हे दात जातील. तेव्हा मी आणखी म्हातारा असेन आणि लोक म्हणतील, अरेरे, एकेकाळी काय वाजवायचा. आज काढलेस तर कवळीवर वाजवायला शिकायला माझ्याकडे वेळ आहे. ओठात ताकद आहे. मला वेळ पाहिजे, बाय. तारेने तो जातोय."

"आणि शिकता आलंच नाही तर?"

"तर नाही आलं."

हे त्यांनी असं म्हटलं, जसं कुणी म्हणावं की बस चुकली तर चालत जाऊ. मी खिडकीपाशी जाऊन एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. हाड जिथे नव्हतं तिथे ते परत येणार नव्हतं. गळवं आणखी होणार होती. दात काढणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हतं, उलट तेच पहिल्या दिवशी करायचं होतं. केलं नव्हतं ते सुरासाठी.

"घरी सांगून या," मी म्हटलं. "फिलोमेनाबाईंच्या पाठीमागे मी हात लावणार नाही."

पुढच्या आठवड्यात दोघं आली. ओनोफ्रेबाब सरळ खुर्चीत जाऊन बसले. फिलोमेनाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की बोलणं घरी होऊन गेलंय आणि ते नीट झालेलं नाही.

"तुम्हाला पटलंय का?" मी विचारलं.

"नाही."

ओनोफ्रेबाबनी मान वळवली. "फिलू—"

"मला विचारलंय त्यांनी." त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, त्या रेकॉर्डिंगला मी काचेच्या मागे बसले होते. तो सूर संपला आणि सगळे वादक उभे राहिले. त्यानंतर कुठेही जा, तो सूर लागला की लोक उभे राहतात. हा म्हणतो, कंटाळलो. खरं असेल. पण दात गेल्यावर हा वाजवेल आणि लोक बसून राहतील. काही उठून जातील. याला ते दिसणार नाही, वाजवताना हा डोळे मिटतो. मला दिसेल. मी दर वेळी समोर बसते."

खाली बसची घंटा वाजून गेली.

"मग काय करू?" मी विचारलं.

"तोंड त्याचं आहे," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

मी भूल दिली. दात इतके सुटलेले होते की काढायला जोर लागलाच नाही. त्यांनी ते हातात मागून घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि ट्रेमध्ये परत टाकले.

नंतरचे महिने वाईट गेले. हॉटेलने त्यांच्या जागी एक तरुण सॅक्सोफोनवाला आणला. सिनेमाची बोलावणी थांबली. ओनोफ्रेबाब माहीमला मुलांना वाद्यं शिकवायला जाऊ लागले आणि दर थोड्या दिवसांनी माझ्याकडे येत. हिरड्या भरून आल्यावर मी दोन दातांची छोटी कवळी केली. ती जेवायला उत्तम होती आणि वाजवायला निरुपयोगी. ट्रंपेट टेकवलं की ती मागे सरकायची. दुसरी केली, टाळूवर जास्त पसरट. ती सरकली नाही, पण जीभ अडखळायची. तिसरीच्या दातांची कड मी त्यांच्यासमोर बसून घासत होते. थोडं घासायचं, ते लावून फुंकर मारायचे, मान हलवायचे, काढून परत द्यायचे. कधी नुसता वाऱ्याचा आवाज यायचा, कधी म्हशीच्या रेकण्यासारखा. बाहेर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघायचे. एकदा त्यांनी कवळी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं. माझ्या डोक्यात एकच होतं, मी ऐकायला नको होतं.

मग त्यांनी विचारलं, "उजवीकडून केसभर काढशील?"

मी काढलं. त्यांनी लावली आणि वाजवलं. सूर खालचा होता, जरा खरबरीत, कडांना वारा लागलेला. पूर्वीच्या त्यांच्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. जुना आवाज पितळेचा होता. हा एखादा माणूस जवळ बसून बोलतो तसा होता. ते स्वतः चकित झाल्यासारखे थांबले, तोच सूर पुन्हा लावला, आणि म्हणाले, "हा कोण?"

वर्ष उलटून गेल्यावर भायखळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम ठरला. पियानोला त्यांचा जुना मित्र सिल्वेस्टर, ड्रमला पिंटो नावाचा गृहस्थ, आणि एक बासवाला. मी गेले. फिलोमेनाबाईंनी पुढच्या रांगेत माझ्यासाठी जागा धरली होती. हॉल भरला होता. चर्च आटोपून आलेली कुटुंबं, हॉटेलातली जुनी गिऱ्हाइकं, सिनेमाचे दोन-चार वादक. सगळ्यांना ठाऊक होतं की रिबेलोंचं काहीतरी बिनसलं होतं आणि आता ते परत वाजवणार आहेत. काय परत येणार आहे हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या दोन रचनांना टाळ्या पडल्या, सभ्य टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मांडवी मॉर्निंग!" मग चारी बाजूंनी तेच. सिल्वेस्टरने ओनोफ्रेबाबकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

धून सरळ वाजली. मग सांगाडा उरला आणि त्यावर ते बोलू लागले, खालच्या सुरांत, मधे मधे थांबत. पिंटो ब्रशने ड्रमवर नुसतं कुजबुजत होता. एका ठिकाणी त्याने एक तिरका ठोका टाकला. ओनोफ्रेबाब हसल्यासारखे दिसले आणि त्याला काहीतरी उत्तर दिलं. पिंटोने पुन्हा विचारलं. मला जॅझ कळत नव्हतं, पण दोन माणसं एकमेकांचं ऐकताहेत हे कुणालाही कळलं असतं.

आणि मग तो चढ आला. हॉलमध्ये लोक पुढे सरकले. काही जण उठण्याच्या तयारीत खुर्चीच्या कडेवर आले. ओनोफ्रेबाब चार पायऱ्या चढले, आणि जिथे तो सूर लागायचा तिथे त्यांनी ट्रंपेट ओठांवरून काढलं.

सिल्वेस्टरचे हात पियानोवर थांबले. पिंटो तेवढा ब्रश फिरवत राहिला. सूर नव्हता, पण त्याची जागा होती, पूर्वी तो जेवढा टिकायचा तेवढी. त्या वेळात मला तो स्वच्छ ऐकू आला. माझी खात्री आहे की तिथल्या प्रत्येकाला आला. मग त्यांनी डोळे मिटले, ट्रंपेट उचललं आणि अगदी खालून, जवळजवळ तळातून, सुरुवात केली. पुढे त्यांनी जे वाजवलं ते मला सांगता येणार नाही. ते दुःखाचं नव्हतं आणि आनंदाचंही म्हणता येणार नाही. कुठे जातंय ते त्यांना माहीत नव्हतं एवढं कळत होतं, आणि तरी ते घाईत नव्हते.

आमच्या मागचा एक माणूस मोठ्याने म्हणाला, "संपला हा," आणि बायकोला घेऊन उठला. त्याच्या पाठोपाठ आणखी काही खुर्च्या सरकल्या. मी फिलोमेनाबाईंकडे बघितलं. त्यांनी वळून त्या जाणाऱ्या लोकांना पाहिलं, एकेकाला, दारापर्यंत. मग मान पुन्हा पुढे केली आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. शेवट झाला तेव्हा कुणी उभं राहिलं नाही. बसल्या जागी टाळ्या झाल्या, पण त्या थांबता थांबेनात.

हॉटेलने त्यांना परत बोलावलं नाही. तबकडीही पुन्हा निघाली नाही. त्यानंतर दहाएक वर्षं ते असेच लहान हॉलमधून, रविवारच्या सकाळी वाजवत राहिले आणि कवळी सैल झाली की माझ्याकडे येत राहिले. कधी शंभर माणसं असायची, कधी पंधरा. मी बहुतेक वेळा त्यातली एक असायचे.

पण त्या पहिल्या रविवारचं सांगून थांबते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही शाळेच्या पटांगणात उभे होतो. ओनोफ्रेबाब रुमालाने मान पुसत आले, शर्ट अंगाला चिकटलेला.

"डावीकडे टोचते," ते मला म्हणाले. "उद्या येतो."

"या. एक विचारू? तो सूर सोडल्यानंतर जे वाजवलंत, ते ठरवलेलं होतं?"

"सोडायचं ठरवलं होतं. पुढचं नाही." ते थांबले. "काय वाजवलं मी?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. ओठ हलवून बघितले, बोटांनी हवेत ट्रंपेटच्या कळा दाबून बघितल्या. "खालून निघालो. पिंटोने काहीतरी टाकलं. मग... नाही. गेलं." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे काही विचारलं नाही. ते बायकोकडे वळले. "फिलू, तुझ्या कानात राहतं सगळं. काय वाजवलं मी?"

कोरसमधल्या तीस मुलींपैकी कोण कुठे घसरली ते या बाई घरी गेल्यावरही गाऊन दाखवू शकत. त्यांनी नवऱ्याच्या कॉलरची दुमडलेली बाजू नीट केली.

"मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतंय," त्या म्हणाल्या. "पण तुला सांगणार नाही."